आमच्या ओट्यावरचा देव

पेडगावात मानसानं निवांत डोळे मिटून बसायची सोय न्हाई. आमच्या मालकानं, माणिकरावानं, पंधरा वर्सं दारू ढोसली तवा ओट्याकडं कुनी फिरकलं न्हाई. दारू सोडली, आन् गावाला भक्ती सुटली.

झालं असं. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं हुतं, तलफ आली की तिच्याशी भांडू नका. गप बसा, श्वास आत कसा जातो, भाईर कसा येतो तेवढं बघा. पावन्यावानी असती ती, बसती आन् निघून जाती. मला म्हनले, बाई, तुमी मधी पडू नका, त्यांचं त्यांना करू द्या. मालक तितंबी कुरकुरले, मी काय दारुडा हाय का म्हनून. तो शब्द कुनी काढला की अंगावर धावून जायचे. पर घरी आल्यावर बसायला मातर लागले.

बसले की हात थरथरायचे, मान डुलायची, कपाळाला घाम फुटायचा. शेजारच्या चांगुणाबाईनं ते बघितलं आन् गावभर केलं, माणिकरावाच्या अंगात यायलंय. झालं! बाया हळदीकुंकू घेऊन हजर. कुनाची म्हैस हरवलेली, कुनाच्या लेकीचं जमंना. पायावर कुंकू वाहायचं आन् इचारायचं. मी घसा फोडून सांगितलं, बायांनो, डॉक्टरचा इलाज हाय हा. ऐकायलंय कोन? चांगुणाबाई उलट मलाच म्हनाली, देवाला झाकून ठिवू नगंस, कोप हुईल. असा संताप यायचा म्हनून सांगू! डॉक्टरला इचारावं तर विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद.

त्यात अंगात कोन आलंय ते सांगनारा, गावचा जाणता बन्सीधर. त्यानं ठरवून टाकलं, हा म्हसोबाच. आमच्याकडं म्हसोबाला दारूचा निवद असतो, आन् ज्याच्या अंगात येतं त्यानं त्यातला घोटभर घ्यायचा असतो. एका दुपारी मालक नुकतेच बसलेले. त्या दिशी तलफ लय जोराची हुती, सकाळपून भाकरीला हात लावला नव्हता. बन्सीधर बाटली घेऊन आला, बूच काढलं आन् वाटी भरून त्यांच्या म्होरं ठिवली. मागं सगळी आळी हात जोडून उभी.

वास माझ्यापत्तुर आला, त्यांच्या तर नाकाखालीच हुता. वाटलं, लाथ मारून उडवावी वाटी. दोन पावलं म्होरंबी गेले. पर आज मी उडवली तर उद्या कोन उडवील? डॉक्टरचं बोलनं आठवलं, आन् तोंडात पदर कोंबून तितंच थांबले.

मालकाची छाती वर जायली, खाली यायली. मग त्यांनी डोळे उघडले. हात वाटीकडं गेला. मी मनात म्हनलं, गेलं सगळं मुसळ केरात.

त्यांनी वाटी उचलली न्हाई. बोटांनी बन्सीधराकडं सरकवली.

"बन्सीधर, मी देव न्हाई," ते म्हनले. "दारुडा हाय मी. घेऊन जा हे."

बाया ताटं उचलून निघाल्या. देव गेला की गं, असं चांगुणाबाई जाता जाता पुटपुटली. बन्सीधरानं वाटीतली दारू परत बाटलीत वतली, एक थेंब सांडू दिला न्हाई, आन् काखेत मारून चालता झाला.

ओटा रिकामा झाला. मालकांनी परत डोळे मिटले. तलफ अजून गेली नव्हती, हात कापायलेच हुते. मी त्यांच्याजवळ बसले आन् त्यांच्या पायावरचं कुंकू पदरानं पुसून काढलं.