दोन सुतांची चूक

मित्रांनो, भिंत सरळ आहे की नाही हे गवंड्याला कोण सांगतं? मी सांगतो. मी एक जुना ओळंबा आहे. दोरीच्या टोकाला लोंबणारं पितळेचं वजन, एवढंच माझं रूप. दोरीवर माझ्याच जाडीचा लाकडी गुटका असतो. तो वर भिंतीला टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला जेमतेम शिवलो, की भिंत सरळ.

माझा धनी गवंडी होता आणि ख्रिस्ती, प्रभूचा माणूस होता. "माझं पवित्र शास्त्र आणि माझा ओळंबा, दोघंही कुणाची भीड ठेवत नाहीत," असं तो चारचौघांत सांगायचा. तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा! रोज संध्याकाळी तो मला सदऱ्याच्या टोकाने पुसायचा.

एकदा गुटका हरवला. धन्याने नवा तासला, तोही नुसत्या नजरेने. वीस वर्षांचा हात, त्यात मोजायचं काय? तिथेच घात झाला. नवा गुटका माझ्यापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, जाड झाला. मला ते जाणवत होतं हो, पण लोंबण्यापलीकडे मला काय येतं?

त्याच गुटक्याने त्याने आधी चार घरं बांधली आणि मग चर्चच्या मंडळीच्या नव्या प्रार्थनामंदिराची उंच भिंत. बायकांनी विटा वाहिल्या, म्हाताऱ्यांनी पाणी मारलं. रविवारी उद्घाटन होतं. गुरुवारी हत्यारांची पेटी झाडताना जुना गुटका तळाशी सापडला. धन्याने दोन्ही शेजारी धरले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो तसाच धावला, शिडी लावली, मला जुन्या गुटक्याने माथ्यावरून सोडलं. टप्प्याटप्प्याला थोडी थोडी करत भिंत दीड इंच बाहेर कलली होती.

शनिवारी घरी बायको म्हणाली, "अहो, गिलावा झालाय. कोणाला दिसणार आहे?"

"देवाला दिसतंय गं. दोन दिवस झाले, प्रार्थनेला बसलो की तो एकच गोष्ट सांगतो. जा आणि बोल."

"त्याला कळलंय ना? मग त्याच्यापाशीच राहू द्या. मंडळीत कशाला?"

तो गेला. रविवारी भरल्या मंडळीसमोर मला हातात धरून उभा राहिला आणि सगळं सांगितलं. चर्चचे पाळक म्हणाले, "आज सांगतोस? आज?" भिंत पाडली. ती पडली असती का? कुणास ठाऊक. नवी भिंत दुसऱ्या गवंड्याने बांधली.

धन्याने त्या चार घरांचीही दारं ठोठावली आणि तिथेही खरं सांगितलं. झालं! ज्याचा गुटका चुकला त्याला काम कोण देणार? हळूहळू मंडळीतली माणसंही त्याच्या बाकावर बसेनात. वर्षभराने बायको भावाकडे गेली. जाताना भांडली असती तर बरं झालं असतं.

मला सरळ राहायला काही मोजावं लागत नाही, मित्रांनो. माझं वजनच मला सरळ ठेवतं. माझ्या धन्याचं मात्र त्यात सगळं गेलं.

परवा त्याने मला दाराच्या चौकटीला टांगलं. मी स्थिर होईपर्यंत समोर बसून राहिला. मग म्हणाला, "प्रभू, तू सांगितलंस, मी ऐकलं. आता तू काहीतरी बोल की." बराच वेळ त्याने वाट पाहिली. घरात कसलाच आवाज झाला नाही. मग त्याने दोरी गुंडाळली आणि मला पेटीत ठेवलं.

मला पुसा, मला जपा, असं मी म्हणत नाही. मी काळा पडलो तरी चालेल. पण माझ्या धन्याच्या दारावरून गेलात, तर त्याला एक हाक मारा. फार दिवसांत त्याला कोणी हाक मारलेली नाही.