जाळीवरची बाटली

जयंतीच्या अस्थींची पेटी मागच्या सीटवर पट्टा लावून बसवली होती आणि आमचा मुलगा नंदन गाडी चालवत होता. विंडसरहून निघून ती ओकव्हिलला माझ्या पुतण्याकडे, मिलिंदकडे पोचवायची होती. मिलिंद पुढच्या आठवड्यात भारतात जाणार होता, नाशिकला रामकुंडात अस्थी तोच सोडणार होता. पोटचा मुलगा धडधाकट असताना पुतण्या. हे मीच ठरवलं होतं आणि नंदनला तोंडावर सांगितलंही होतं. तो "ओके" म्हणाला. मीठ दे म्हटल्यावर म्हणावं तसं.

माझ्या रागाचं कारण सांगतो. जयंतीला घरघर लागली तेव्हा मी देवघरातला गंगाजलाचा गडू हॉस्पिटलात नेला. काशीहून आणलेला, तोंड पक्कं बंद केलेला, इतकी वर्षं न उघडलेला. घरून पक्कडही नेली होती, शेवटी मी इंजिनियर. गडू फोडला, प्लास्टिकच्या कपात पाणी ओतलं, वर तुळशीचं पान टाकलं आणि कप नंदनच्या हातात दिला. आईच्या तोंडात शेवटचं पाणी मुलानं घालायचं. तेवढ्यात ती गेली. गेल्यावरही चालतं, नुसते ओठ ओले करायचे. नंदननं तिच्याकडे पाहिलं, कप स्वतःच्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. पानासकट.

मिलिंद बघतच राहिला. मी काय काय बोललो ते नर्सला कळलं नाही, हे बरं झालं. शेवटी बेसिनच्या नळाचं पाणी घातलं. काशीची गंगा मुलाच्या पोटात आणि माझ्या बायकोच्या ओठांवर नळातून आलेली डेट्रॉइट नदी! नंदन रडला नाही, सॉरी म्हणाला नाही. कप केराच्या डब्यात टाकून बाहेर जाऊन उभा राहिला.

आमच्या ओळखीतल्यांची मुलं डॉक्टर झाली, सॉफ्टवेअरमध्ये गेली. आमच्या चिरंजीवांनी अंगावर गाद्या बांधून, लोकांनी मारलेली रबराची चकती अडवायचा धंदा धरला. आइस हॉकीतला गोली. बसमधून गावोगाव हिंडणाऱ्या छोट्या लीगमध्ये त्याची उमेदीची वर्षं गेली. मोठ्या लीगमध्ये बहुतेक वेळ बाक गरम केला. एका हिवाळ्यात मुख्य गोली जखमी झाला तेव्हा काय तो उभा राहिला. मग जर्मनी, मग दोन्ही खुब्यांची ऑपरेशनं, मग स्काउट. म्हणजे पोरांच्या मॅच बघायच्या आणि कुठला गोली घेण्यासारखा आहे ते क्लबला कळवायचं. उंटावरून शेळ्या हाकणं, असं मी म्हणायचो. जयंतीला ते आवडायचं नाही.

"बाबा, किचनरला दुपारची एक मॅच आहे," वाटेतलं इकडचं लंडन गाव मागे पडल्यावर तो म्हणाला. "वर्क आहे. बघून जाऊ?"

"तुझ्या आईला घेऊन?"

"गाडीत नको ठेवायला. इट्स टू कोल्ड."

राखेला कसली थंडी, असं ओठांवर आलं होतं. पण बोललो नाही, कारण मलाही तिला गाडीत ठेवायचं नव्हतं. पेटी कापडी पिशवीत घालून आत नेली. दारावरच्या मुलीनं पिशवी उघडायला लावली.

"व्हॉट्स इन द बॉक्स, सर?"

"माय वाइफ."

ती बाजूला झाली. नंदनच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. जयंती गेल्यापासून आम्ही बापलेक असेच होतो, दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसे. २०१७ चं वर्ष नुकतंच लागलं होतं. लोक हॅपी न्यू इयर म्हणत होते आणि आम्ही सेम टू यू म्हणत होतो.

नंदन वर कोपऱ्यात जाऊन बसला. मी शेजारी, पिशवी मांडीवर. खाली बर्फावर गोंधळ चालला होता आणि सगळं स्टेडियम चकतीकडे बघत होतं. हा मात्र दुसऱ्याच टोकाला बघत बसलेला. तिथे पाहुण्या टीमचा गोली, एक उंच पोरगा, एकटाच उभा होता.

"अरे, खेळ इकडे चाललाय," मी म्हणालो.

"आय नो."

मग त्या पोरावर गोल झाला. लोक ओरडत उठले. नंदन पहिल्यांदा पुढे झुकला. पोरानं मास्क वर सरकवला, गोलच्या जाळीवर ठेवलेली बाटली घेतली, पाणी प्यायला, बाटली जागेवर ठेवली आणि पुन्हा वाकून उभा राहिला. नंदननं फोनमध्ये काहीतरी टिपलं.

"काय लिहिलंस?"

"पाणी नीट प्यायला."

"ही काय स्काउटगिरी झाली?"

"बाबा, अडवतात सगळेच. मी गोल झाल्यानंतरचं बघतो. काही गोली स्टिक आपटतात, काही वर स्क्रीनवर रिप्ले बघत बसतात. दे आर नो गुड. हा पाणी प्यायला अँड इट वॉज गॉन."

"हे कोचनं शिकवलं का तुला?"

"आईनं."

तो खालीच बघत होता. "मी लहान असताना गोल झाला की मास्कच्या आत रडायचो. सगळी मुलं हसायची. तुम्ही प्लांटवर शिफ्टला असायचात. एकदा आई सरळ बर्फावर आली. साडीवर विंटर जॅकेट, पायात बूट. रेफरी ओरडतोय, ही आपली हळूहळू चालत येतेय. तिनं बाटली जाळीवर ठेवली. म्हणाली, राजा, गोल झाला की आधी पाणी प्यायचं. प्यायलास की गेलं ते गेलं. मग रडायचं नाही."

मला यातलं काही माहीत नव्हतं. घरीसुद्धा कुणी दचकलं, कुणाला वाईट बातमी कळली की जयंती आधी पाण्याचा पेला पुढे करायची. ते मी रोज पाहिलं होतं.

"दॅट डे," नंदन म्हणाला, "तुम्ही माझ्या हातात पाणी दिलंत. आईकडे पाहिलं, तर... आय डिडंट इव्हन नो आय ड्रँक इट. कप रिकामा दिसला तेव्हा कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही ओरडत होतात."

खाली पुन्हा शिट्टी झाली. मी पिशवी जवळ ओढली.

"आणि गेलं का?" मी विचारलं. "पाणी प्यायल्यावर गेलं ते?"

"ज्यांचं जातं ते खेळत राहतात, बाबा. द रेस्ट ऑफ अस बिकम स्काउट्स." त्यानं फोन खिशात टाकला. "मला सगळे गोल आठवतात. ऑल ऑफ देम."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं जयंती मला म्हणायची. त्या दुपारी गेला. पण रागाच्या जागी दुसरं काही आलं नाही. नुसतं रिकामं वाटलं आणि त्या रिकाम्यात मला पोराची फार दया आली. हॉस्पिटलात सगळ्यांत आधी आईचं ऐकलं ते त्यानंच.

मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये गाडीत बसून, पिशवी मांडीवरच ठेवून मी मिलिंदला फोन लावला.

"पेटी आणत नाही रे. नाशिकला नंदन जाईल."

"काका, आर यू शुअर? परवा तर तुम्ही म्हणालात..."

"म्हणालो होतो. आता हे म्हणतोय."

फोन ठेवला. या वेळी नंदन ओके म्हणाला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली काढून त्यानं झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरली.

"पाणी प्या, बाबा."

पाण्यात बर्फाचे कण झाले होते, दातांत कळ गेली. मी घोट घेतला, गिळला, थोडं थांबलो. जयंती होती तशीच मांडीवर होती.

बाटली मी त्याच्याकडे दिली. त्यानं ती हातात धरली. प्यायला नाही.