दुसरा रेग्युलेटर

कमलम्माचं डोकं सोमवारपासून तापलेलं होतं. पुण्याहून आलेलं खोकं तिच्या लेकानं, बसूनं, उघडलं, आतलं सगळं खाली पसरलं आणि म्हणाला, "अव्वा, रेग्युलेटर एकच आलाय."

रेग्युलेटर म्हणजे पाण्याखाली टाकीतली हवा तोंडात आणून देणारं यंत्र. बसूला धरणाची खोल पाण्याखालची दारं तपासायची नोकरी लागली होती, आणि सामान ज्याचं त्यानं आणायचं होतं. एवढ्या खोलातून एकदम वर येता येत नाही, थांबत थांबत यावं लागतं. म्हणून सगळं जोडीनं घ्यायचं. एक बंद पडला तर दुसरा तोंडात.

घराच्या पुढंच पंपांचं दुकान. गल्ल्यावर बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, पंचाक्षरीनं, मान वर केली नाही. घासाघीस केल्याशिवाय ह्या माणसाला जेवण गोड लागत नाही. लेकाला न विचारता, परस्पर पुण्याला फोन करून त्यानं यादीतला एक रेग्युलेटर कापला होता.

"ह्या पैशात कुंभारी गावाला जागा आली असती," तो म्हणाला. "एका पोराला तोंडं किती असत्यात? पहिला बिघडला की मग बघू."

मग बघू म्हणे! खाली अंधारात कोण बघणार होतं, ह्याचा बाप? कमलम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं बसूला थांबवून बघितलं, तर तो म्हणाला, "रविवारी हजर व्हायचंय अव्वा. जमवतो एकावर."

गुरुवारी नळ आला, पाच दिवसांनी. गल्लीभर मोटारी सुरू झाल्या. पंचाक्षरीनं बटण दाबलं, तर त्याची मोटार नुसतीच हूं हूं करत बसली.

"कंडेन्सर गेला काय की," म्हणत तो माळ्यावर चढला. पाण्याच्या दिवशी खोळंबा नको म्हणून तिथं कायम एक जादा मोटार ठेवायची, हा त्याचा लग्नाआधीपासूनचा नियम. माळा रिकामा होता.

"दुसरी मोटार कुठं हाय?"

"लपवली. दुकानाची किल्ली पण."

"अगं, पाणी जाईल की. डोकं फिरलंय काय तुझं?"

"फिरलंय. पाण्याला दोन मोटारी कशाला लागत्यात तुमाला? पहिली बिघडली की मग बघायचं होतं. बघा आता."

पंचाक्षरी माळ्यावरनं खाली उतरला.

"आपण शेजारी जाऊन घागरभर मागून आणू," ती म्हणाली. "माझ्या लेकरानं तितं खाली श्वास कुणाकडं मागायचा?"

तो हौदाच्या कठड्यावर टेकला. हौदात तळ दिसत होता. त्यानं खिशातून फोन काढला आणि पुण्याला लावला. किमतीबद्दल चकार शब्द काढला नाही. "तो दुसरा पण पाठवा. आजच. शनिवारी पोचला पायजे."

पैसे पाठवून होईपर्यंत नळ गेला. कमलम्मानं मोटारीतनं आधीच काढून कमरेला खोचलेला कंडेन्सर त्याच्या हातावर ठेवला.

"पाच दिवस पाणी जपून वापरा," ती म्हणाली आणि रिकामी घागर घेऊन शेजारी गेली.