अर्धी लोळण

त्या चैत्रात चंद्रीच्या निम्म्या कामावर हौसरावांना दोनच गोष्टी कमवायच्या होत्या: यात्रेत पहिला नंबर, आणि त्या नंबरापायी वर्षभर बंद राहणारं सर्जेरावांचं तोंड. सर्जेराव भावकीतले. सोसायटीच्या चेअरमनकीत त्यांनी हौसरावांना तीन मतांनी पाडलं होतं आणि ती तीन मतं ते भेटेल त्याला बोटांवर मोजून दाखवत. पहिल्या नंबराची ढाल कुठं टांगायची ते हौसरावांनी ठरवून ठेवलं होतं. खिळाही ठोकून झाला होता.

चंद्री ही एकोणीस वर्षांची पांढरी घोडी. तिची पहिली बारा-तेरा वर्षं रखमाजींच्या मेंढरांमागं गेली. पाठीवर सगळा संसार: भांडी, जाळी, कोंबड्या आणि दोनदा तान्ही लेकरं. पुढं रखमाजींनी मेंढरं विकली, राहू गावाला चार एकर धरलं, म्हशी घेतल्या. घोडी मात्र विकवेना आणि तिला वैरणही पुरेना. तेव्हा नदीपलीकडच्या वडगाव रासाईचे हौसराव बोलणी करायला आले. पैशाचा विषय निघाला नाही. वर्षाचा कडबा आणि उसाचं वाढं हौसरावांचं, घोडी रखमाजींची, काम निम्मं निम्मं. एक पंधरवडा अलीकडं, एक पलीकडं.

राहूला ती दुधाचे दोन कॅन डेअरीपर्यंत न्यायची. वडगावला ती बैलगाड्यापुढं पळायची. आमच्याकडच्या शर्यतीत घाटाच्या चढावर बैलांच्या पुढं घोडी धावते आणि बैल तिच्या मागं जीव टाकून सुटतात. तरणी घोडी वाजंत्रीला बुजते, गर्दीत आडवी घुसते. चंद्री नाकासमोर पळायची. हौसरावांच्या बैलांना तर तिची इतकी सवय, की दुसरी घोडी पुढं लावली की ते उभ्या उभ्या रवंथ करायचे.

आता यात निम्मं काम म्हणजे किती? यावर दोन वर्षं वाद चालला.

"अकरा-बारा सेकंदाचं काम," हौसराव म्हणायचे. "तलाठी बी यापरीस जास्त बसतो."

"त्या बारा सेकंदात जीव घशात येतो तिच्या," रखमाजी म्हणायचे. "माझं कसं, दोन कॅन. चालत जायचं, चालत यायचं."

"रोज!"

"व्हय, रोज. पर चालत."

शेवटी रखमाजींची बायको अनसाबाई मधे पडली. तिनं आयुष्य घोडीमागं चालण्यात काढलेलं. ती म्हणाली, "तुम्ही दोघं आपापलं काम मोजताय. तिला कुणी इचारलं का?"

"आता घोडी काय सांगणार, मावशी?" हौसराव हसले.

"सांगती की. ओझं उतरलं की मातीत लोळू द्या. पुरी पालथी होऊन दुसऱ्या अंगावर गेली, तर अंगात अजून जोर हाय. करा काम. एकाच अंगावर लोळून उठली, तर अर्धी लोळण. दुसऱ्या दिशी सुट्टी. आन् लोळलीच न्हाई, तर तीन दिस दावणीला, आन् गुळपीठ."

दोघांनाही हे पटलं, कारण दोघांनाही वाटलं की यात समोरचाच सापडणार. बिरोबाच्या देवळात दोघांनी भंडारा उचलला: लोळणीच्या पुढं काम घ्यायचं नाही. एका दिवसात दोन बाऱ्या, म्हणजे घाटातल्या दोन धावा, आल्या, तर पहिली पळून झाल्यावर पुरी लोळण दिसल्याशिवाय दुसरी नाही. हळदीनं पिवळा झालेला हात हौसरावांनी धोतराला पुसला. रखमाजींनी कपाळाला.

अडचण अशी, की यात्रेत नंबरात यायचं तर दोन बाऱ्या लागतात. सकाळी एक आणि त्यात टिकलं तर संध्याकाळी फायनल. आणि भंडारा मोडायची हौसरावांची छाती नव्हती. पण भंडारा उचलताना जमिनीबद्दल कुणी बोललं नव्हतं.

यात्रेच्या तीन दिवस आधी त्यांनी आपल्या वस्तीवरच्या लिंबाखाली दोन ट्रॉल्या वाळू ओतून घेतली. वाळू फावड्यानं अशी सारखी केली, की एका बाजूला हलकासा उतार राहिला. बघणाऱ्याला कळू नये आणि लोळणाऱ्याला अडचण होऊ नये, इतकाच. खात्री करायला ते स्वतः आडवे झाले आणि एकदा लोळून पाहिलं. अगदी सहज पालथे झाले. तेवढ्यात त्यांची बायको साळूबाई पाण्याला बाहेर आली.

"आवं, ऊन लागलं काय?"

"कंबर धरलीय," हौसराव वाळू झटकत म्हणाले.

यात्रेच्या आदल्या दिवशी चंद्री बंधाऱ्यावरून वडगावला आली. पंधरवडा संपून एक दिवस वर झाला होता, पण सणासुदीचं म्हणून हौसराव काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रखमाजी आणि अनसाबाई पुरणपोळीला आले. घोडीवर बसायला हौसरावांचा भाचा जालिंदर कारेगावहून आला होता. चाळिशीचा, हाडकुळा, कंपनीत कामाला. तिथून बिनपगारी रजा टाकून आला होता.

पहिली बारी झक्क झाली. चंद्री सुटली ती थेट वर, बैल तिच्या शेपटीला नाक लावून. बारा सेकंदात गाडा पार. स्पीकरवाला ओरडून ओरडून बसला. फायनलला तीन गाडे राहिले आणि त्यात एक सर्जेरावांचा.

"आप्पा, घोडी म्हातारी दिसतीय," सर्जेराव जाता जाता म्हणाले. "दुपारी झोप काढू द्या तिला. आन् तुम्ही बी काढा."

हौसराव नुसते हसले. त्यांनी चंद्रीला वस्तीवर आणली, झूल काढली आणि लिंबाखाली वाळूत सोडली. चंद्रीनं वाळू हुंगली, पुढचे गुडघे टेकले, आडवी झाली आणि पाय हवेत करून पार पलीकडच्या अंगावर गेली.

"बघा!" हौसराव ओरडले. "पुरी लोळण! जालिंदर, बघितलीस? आबा, तुम्ही?"

"बघितली," रखमाजी म्हणाले. ते जरा घाईनंच म्हणाले.

जेवताना साळूबाईनं अनसाबाईला आपल्या मालकांची कंबर वाळूत कशी धरली होती ते हसून हसून सांगितलं होतं. अनसाबाईनं पाण्याचा तांब्या उचलला आणि वाळूवर सावकाश ओतला. पाणी मुरायच्या आधी हातभर एकाच अंगाला धावलं.

"आप्पा," ती म्हणाली, "पाणी बी तिकडंच लोळलं की."

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. हौसराव झाडाकडं बघत राहिले.

मग चंद्रीला खळ्यावर नेली. तिथली जमीन ताटासारखी सपाट. ती पुन्हा गुडघे टेकून आडवी झाली, पाय झाडले, एकदा जोर केला, आणखी एकदा केला. पाठ काही ओलांडेना. मग उठली आणि अंग झटकून उभी राहिली.

"अर्धी," अनसाबाई म्हणाली.

"अर्धी कशी?" हौसराव चिडले. "एका बारीत घोडी थकत न्हाई. ती माझ्याकडं आली तीच थकून आली! वैरण माझी खाती ती, आन् तुमच्याकडं पंधरा दिस काय करत होती?"

"दोन कॅन," अनसाबाई म्हणाली. "रोज मी स्वतः चढवती."

तेव्हा जालिंदर खाकरला. "मावशी, एक दावू का? सकाळीच बघितलं होतं, म्हटलं आसंल काहीतरी." त्यानं चंद्रीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. दोन्ही अंगांना केस झिजून कातडं दिसत होतं. एकेका ठिकाणी नाही, दोन-दोन ठिकाणी. "दोन कॅननं दोन घट्टे पडत्यात. हे चार हायेत."

अनसाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. रखमाजी पागोटं सारखं करायला लागले.

"आवं, बोला की."

"दगडोबाचे दोन घेत होतो," रखमाजी म्हणाले. दगडोबाचं घर वळणाच्या पलीकडं. तिथलं घरून दिसत नाही. "पेंड देतो म्हणला. चंद्रीसाठीच घेतली."

"तिलाच राबवून तिलाच खायला?"

"सोळाच दिस. लोळायची डेअरीवर, म्या बघितलंच न्हाई."

"आन् पंधरवड्याचे सोळा कसे झाले?" हौसरावांनी विचारलं. आपल्या वाळूवरून सगळ्यांचं लक्ष उडाल्याचा त्यांना फार आनंद झाला होता.

अनसाबाई खाली बसली. दुसऱ्याची वाळू तिनं तांब्याभर पाण्यानं ओळखली होती आणि स्वतःच्या घरचे दोन कॅन तिला सोळा दिवस दिसले नव्हते. हे तिला लागलं. थोडा वेळ ती चंद्रीच्या घट्ट्यांवर खोबरेल चोळत राहिली.

तिकडं स्पीकर सुरू झाला. "हौसराव आप्पा, गाडा जुंपा! शेवटचं सांगणं!"

हौसरावांनी चंद्रीची दोरी हातात घेतली. "मावशी, एकच बारी. बारा सेकंद. नंतर महिनाभर बसून खाऊ दे."

"दोरी तुमच्याच हातात हाय, आप्पा," ती म्हणाली. "आन् भंडारा बी तुमच्याच हातानं उचलला होता."

"यांनी न्हाई का मोडला?"

"यांचं मी बघती घरी गेल्यावर."

हौसरावांनी जालिंदरकडं पाहिलं. "तू तरी बोल."

"मामा, आमच्या कंपनीत ओव्हरटाइमला कामगाराची सही लागती."

"मग?"

"तिनं खळ्यावर न्हाई म्हणून सांगितलं."

हौसरावांना भिंतीवरचा खिळा दिसला, सर्जेरावांची तीन बोटं दिसली. चंद्री मान खाली घालून त्यांच्या खिशात नाक खुपसत होती. सकाळी तिथं गूळ होता. त्यांनी दोरी सोडली आणि म्हणाले, "गाडा परत आणा रे. आमची घोडी पळणार न्हाई."

तेव्हा रखमाजी उठले. मघापासून पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. "पळू नगं दे. पर उभी तर राहील का न्हाई? मी तिला घेऊन घाटाच्या वर, रेषेच्या पलीकडं उभा राहतो. तुमचे बैल रोज तिची घुंगरं ऐकत्यात. येतील की वर."

अनसाबाईनं विचार केला. "उभं राहायला लोळण लागत न्हाई," ती म्हणाली.

पंचांनी आपसांत बोलून घेतलं. पुढं घोडी असलीच पाहिजे असा नियम कुणाला सापडला नाही. घाटाच्या माथ्यावर म्हातारी पांढरी घोडी आणि तिच्या गळ्यातली घुंगरमाळ दोन्ही हातांनी हलवणारे रखमाजी. खाली निशाण पडलं. बैलांनी अर्धा क्षण इकडं तिकडं पाहिलं, माथ्यावरची घुंगरं ऐकली आणि चढ अंगावर घेतला. त्या अर्ध्या क्षणानंच घात केला. सर्जेरावांचा गाडा पहिला, हौसरावांचा दुसरा.

पण घाट उठून उभा राहिला तो दुसऱ्या गाड्यासाठी. लोकांनी रखमाजींवर गुलाल टाकला, बैलांवर टाकला आणि चंद्रीवर इतका टाकला की ती गुलाबी दिसू लागली.

सर्जेराव ढाल काखेत घेऊन आले. "एका नंबरानं गेलं, आप्पा," त्यांनी एक बोट वर केलं.

"व्हय," हौसराव म्हणाले. "पर माझे बैल घोडीला नुसतं बघून आले. तुमचे हाकलून आणावं लागलं."

आता कुणी किती भरलं ते बघू. जालिंदरचा एक दिवसाचा पगार गेला. साळूबाईला दोन ट्रॉल्या वाळू मिळाली, तिनं न्हाणीघर बांधून घेतलं. हौसरावांना वर्षभर सर्जेरावांचं एक बोट बघावं लागलं आणि खिळ्याला त्यांनी कॅलेंडर लावलं. चंद्रीनं आपले सोळा दिवस आधीच भरले होते. म्हणून अनसाबाईनं ठरवलं की रखमाजींनी ते सोळा दिवस स्वतःच्या खांद्यावर फेडायचे, कावडीला दोन कॅन लावून, डेअरीपर्यंत आणि परत.

पहिल्या दिवशी ते आले, कावड टेकवली आणि अंगणात उताणे पडले. कुशीवर व्हायला एकदा जोर केला, आणखी एकदा केला.

"अर्धी," ओसरीवरून अनसाबाई म्हणाली. "उद्या सुट्टी."

सोळा दिवस फेडायला रखमाजींना एकतीस दिवस लागले.