टेकू काढण्याचा शब्द

“दोन्ही शब्दांचा अर्थ एकच लावा आणि भाषांतरावर सही करा,” ऑफिसचा मॅनेजर प्रज्ञेशने कागद ज्योत्स्नापुढे सरकवला.

“एक लागत नाही, सर.”

कामशेतजवळच्या नव्या पुलाचे आराखडे एका स्पॅनिश कंपनीचे होते. लोणावळ्याच्या ऑफिसात बसून त्यांचं इंग्रजी करणं हे ज्योत्स्नाचं काम. बेगडेवाडीच्या चिमाबाईची ही लेक. आईने बांधकामांवर घमेली वाहून तिला शिकवलं होतं.

मूळ कागदात काँक्रीट ओतल्यावर ‘देसएन्कोफ्रादो’ तीन दिवसांनी होतं, म्हणजे बाजूच्या फळ्या काढणं. ‘देसथिम्ब्रादो’ एकवीस दिवसांनी, म्हणजे स्लॅबचा सगळा भार पेलणारे खालचे टेकू काढणं. ऑफिसच्या शब्दयादीत मात्र दोन्हींपुढे एकच इंग्रजी शब्द होता. त्यावरून साइटला हुकूम गेला होता : तिसऱ्या दिवशी सगळं उतरवा. तिसरा दिवस आजच होता.

“यादी वरून मंजूर झालीय. तुम्ही भाषांतर करता, इंजिनिअर नाही आहात.”

“भाषांतर करते म्हणूनच सांगते. शब्द चुकलाय. मी सही करणार नाही.”

“मग उद्यापासून येऊ नका.”

“आजच निघते,” ती म्हणाली आणि मूळ कागद घेऊन थेट साइटवर गेली.

केरबा मिस्त्रीची माणसं टेकूंपाशी हातोडे घेऊन उभीच होती.

“केरबाभाऊ, थांबा! टेकूला हात लावू नका.”

“आमी बी तेच म्हनतोय, ताई. माल कच्चा हाय अजून. पर कागदावर तिसरा दिस लिवलाय. मिस्त्रीचं कोन ऐकतंय हितं?”

तिने त्याच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली. त्याच्याकडच्या हुकमाच्या कागदावर मराठीत लिहिलं : फळ्या तीन दिवसांनी, टेकू एकवीस दिवसांनी. खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर.

“कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

“नोकरी जाईल की तुमची.”

“गेली ती.”

केरबाने कागदाची घडी करून खिशात घातली. मग मागे वळून ओरडला, “हातोडं खाली ठेवा रं!”

काम थांबलेलं पाहून साइट इंजिनिअर राजेश्वरी तावातावाने आली. मूळ कागद पाहून तिने स्पेनला फोन लावला आणि बोलायला ज्योत्स्नाकडे दिला. तीन दिवसांत टेकू काढायचे आहेत, हे ऐकताच पलीकडचा माणूस ओरडला, “नो, नो, नो!” त्याचं भाषांतर कुणाला लागलं नाही.

यादी दुरुस्त झाली. दुरुस्ती करणारा म्हणून त्यावर नाव प्रज्ञेशचं आलं. ज्योत्स्नाला कुणी परत बोलावलं नाही.

एकविसाव्या दिवशी केरबाचा फोन आला, “या ताई.”

ती पोचली तेव्हा शेवटचाच टेकू उरला होता. केरबाने पाचर ठोकून काढली, टेकू सुटला. माणसं पटापट बाजूला सरली.

“तुमी बी सरा, ताई.”

ज्योत्स्ना स्लॅबखाली तशीच उभी राहिली. केरबाने क्षणभर वर पाहिलं, स्लॅब तसूभरही हलला नव्हता. मग तोही तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.