चौथ्या टाकीचा माल

"या कॉफीला प्लास्टिकचा वास येतो," व्हर्ना माझ्या कानाशी कुरकुरली.

कारखान्यातल्या नळांना कुलपं लावून कंपनीने पाण्याच्या बाटल्या आणल्या, त्याला महिना झाला होता. का, ते कुणी विचारलं नव्हतं. मिनेसोटात आम्ही हवामानावर तासभर बोलतो, बाकीचं गिळतो.

चौथी टाकी आम्हा दोघींकडे. गारठवलेल्या आम्लात निकेलच्या पट्ट्या बुडवून वीज सोडली, की तळाशी पाण्यासारखा दिसणारा पण चांगला जड माल साठतो. तो ज्याला लागेल त्यावर ना पाणी ठरतं ना तेल. आम्लाला आम्ही सापासारखं भ्यायचो. भाजल्यावर लावायचं मलम कायम खिशात. मालाला कोण भिणार? बरण्या भरून घरी नेला. व्हर्नाने तर लेकीचे, क्रिस्टाचे, बर्फातले बूट वर्षानुवर्षं त्याने पुसले. आता क्रिस्टाला सातवा महिना लागलाय.

आणि दोन महिन्यांपूर्वी कंपनीने आमचं रक्त तपासायला नेलं, ते नेलंच.

त्या सकाळी टाकीत नव्या पट्ट्या बसल्या. आमचा सुपरवायझर ड्वेन दारातूनच म्हणाला, "चला बायांनो, सोडा वीज."

व्हर्नाने बटणासमोर खुर्ची ओढली आणि ठाण मांडलं. "आधी आमच्या रक्ताचे आकडे वाच."

"अगं, ते डॉक्टरांचं काम."

"टाकीचे आकडे तुला झोपेतही पाठ असतात. मी काय टाकीपेक्षा हलकी?"

"हलकी तर नाहीसच," मी म्हटलं.

"व्हर्ना, ऊठ. नाहीतर कायमची घरी बसशील."

"बसेन की! पण पोरीला काय सांगू? बूट मात्र छान टिकले म्हणून?"

ड्वेनने खिडकीबाहेर पाहिलं. "रविवारपासून थंडी वाढणार म्हणतात."

मग मीही खुर्ची ओढली, व्हर्नाला खेटून बसले. खिशातली मलमाची ट्यूब काढून बटणाखाली ठेवली. "साहेब, हे कुठे चोळायचं तेवढं सांगा. आम्ही लगेच उठतो."

ड्वेनने त्या ट्यूबकडे पाहिलं. मग हेल्मेट काढून पालथ्या बादलीवर बसला.

"सगळ्यांच्या रक्तात हा माल आहे," तो म्हणाला. "माझ्याही. आणि तो निघत नाही, व्हर्ना. क्रिस्टाचंही तपासून घे."