तीन कपांतला वेगळा

कपावर ४१७ हा आकडा निळ्या शाईत लिहिला होता, साताची शेपटी जरा ओघळली होती, आणि आत, लाल दिव्याखाली, चमचाभर मेयोनीज असं अंग चोरून बसलं होतं की त्याला कोणीतरी ‘साहेब येतायत, हलू नकोस’ सांगून गेलं असावं... शेजारी ८६२. त्याच्या शेजारी २९५. तीन कप, एक प्लास्टिकचा चमचा, कोमट पाण्याचा पेला, कोऱ्या टोस्टचा तुकडा आणि एक कागद. तिन्हींतले दोन सारखे, एक वेगळा. वेगळ्याच्या आकड्याभोवती गोल करा. आणि खाली – तुम्हाला कोणता जास्त आवडला? का?

का... दिनानाथ घरत त्या एकाक्षरी शब्दाकडे पाहत राहिला. वय बावन्न, तळोज्याच्या या सॉस कंपनीत नोकरी सव्वीस वर्षं, त्यातली अकरा वर्षं दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता या प्लायवुडच्या खोक्यात, या लाल दिव्याखाली. दिवा लाल अशासाठी की रंग पाहून कोणी शहाणपणा करू नये. खोकं अशासाठी की शेजाऱ्याचं तोंड दिसू नये. माणसाचं मत त्याचं स्वतःचंच असावं म्हणून कंपनीनं इतका खर्च केला होता, आणि अशा या खर्चिक खोक्यात दिनानाथ पलीकडून रंभाताईंचा ‘हं’ कधी येतो याची वाट पाहत बसला होता.

कारण मला वास येत नाही. – हे वाक्य गेले आठ महिने त्याच्या डोक्यात इतकं नीट, पूर्णविरामासकट तयार होतं की कधीतरी बस कंडक्टरशी बोलतानाही ते बाहेर पडेल असं वाटे. गेल्या श्रावणात चार दिवस ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. जीभ ठेवली. म्हणजे खारट, आंबट, गोड कळतं, मोहरीची चुणचुण नाकाच्या मुळाशी कळते, पण तेल कळत नाही. आणि मेयोनीज म्हणजे अर्ध्याहून जास्त तेल. तेल ताजं की जुनं, जुनं की खवट, हे सांगणारा माणूस म्हणून कंपनीनं त्याला एकदा शाल दिली होती. नारळही.

सगळे म्हणत, घरतांची जीभ. जीभ कधीच नव्हती, नाकच होतं, आणि हे फक्त आईला माहीत होतं. गौरीचा नैवेद्य चाखायचा नसतो, म्हणून सोनाबाई टोपावरचं झाकण उचलून आठ वर्षांच्या दिनाला वाफेत धरायची – “वास घे रं दिना. मीठ पुरं हाय का नाय?” मिठाला वास नसतो हे त्याला पुढे शाळेत कळलं, पण तोवर त्याचं कधी चुकलं नव्हतं, त्यामुळे त्यानं शाळेकडे दुर्लक्ष केलं. मग गावातल्या हळदीच्या जेवणांना, मग लग्नांना, टोपाशी आधी दिना. आणि गेल्या गौरीला... ताप उतरून पंधरा दिवस झाले होते. आईनं नेहमीसारखं झाकण उचललं, तो वाकला, गरम वाफ तोंडावर आली आणि वाफेत काहीही नव्हतं. इस्त्रीवर वाकल्यासारखं. तो म्हणाला, “बरोबर आहे.”

मीठ अजिबात नव्हतं. आई टाकायलाच विसरली होती. पहिल्या घासाला त्याच्या जिभेला ते कळलं, आणि त्यानं मान वर करून पाहिलं – चौदा माणसं, पाटाला पाट लावून, खाली माना घालून जेवत होती. कोणी मीठ मागितलं नाही. आई म्हणाली, “आज मीठ अगदी बरूबर हाय.” तिनं दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण चौदा माणसांनी अळणी जेवण गिळल्यावर ‘मला कळत नाही’ म्हणणं हा त्यांचा अपमान झाला असता, आणि एकदा अपमान टाळायचं ठरलं की मग...

पलीकडून अजून काही नाही. त्यानं ४१७ चाखलं. मऊ, आंबट. पाणी. टोस्ट.

आज तेलाचा प्रश्न होता. नवा पुरवठादार, वेगळं तेल. चाखणाऱ्यांच्या पॅनेलला फरक कळला नाही तर पुढच्या महिन्यापासून सगळा माल त्यातच. आणि हे नेहमीसारखं निभावलंही असतं, सकाळी घरी ती बाटली उघडली गेली नसती तर.

घर म्हणजे पनवेलचा दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि या घरात सँडविचवर एकमत होत नाही. त्याच्या बायकोचं, नीताचं, लोणी आणि हिरवी चटणी. मेयोनीजला ती ‘ते केसांना लावायचं’ म्हणते. लेक रोशनी खारघरच्या कॉलेजात जाते आणि तिला अंड्याचंच मेयोनीज लागतं, तेही पिवळ्या झाकणाचं; बिनअंड्याचं ती खात नाही, ‘पांढरी थाप’ म्हणते – वडील सव्वीस वर्षं हीच थाप बनवून तिची फी भरतायत हे तिला मान्य असतं, पण चवीच्या बाबतीत ती कोणाची भीड ठेवत नाही. आई राहायला आली की ब्रेडवर मेयोनीज, त्याच्यावर सुक्या जवळ्याची चटणी, आणि कोणी पाहत असेल तर त्याच्याकडे पाठ. आणि दिनानाथ स्वतः – तापाआधी – गुपचूप दुसऱ्याच कंपनीचं, निळ्या झाकणाचं खायचा. त्यात मोहरी जास्त होती. फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ती बाटली असे, जशी काही माणसांच्या कपाटात दुसरी बाटली असते. वास गेल्यापासून मात्र तो कंपनीशी एकनिष्ठ झाला होता. न राहण्याचं काही कारणच उरलं नव्हतं.

सकाळी रोशनीची पिवळी बाटली संपली होती, म्हणून तिनं नाइलाजानं त्याची उघडली.

“ई! पप्पा, खवट आहे हे.”

“कुठलं?”

“तुझ्या कंपनीचं. जुन्या पणतीसारखा वास येतोय. चार दिवस डब्यात हेच नेतोयस ना तू?”

नेत होता. काल तर स्वतःहून म्हणाला होता की या वेळची बॅच छान जमलीय. नीतानं बाटली हातात घेतली, नाकाशी नेली, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अहो, गॅसजवळ राहिली असेल. ऊन पण येतं तिथे.” लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या बाईचा तो आवाज होता, कोणाला तरी पडताना न पाहिल्यासारखं करणारा. रोशनीनं बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. ती खोलीबाहेर गेल्यावर दिनानाथनं ती काढली आणि झाकणावरचा बॅच नंबर वाचला. फेब्रुवारीतला. त्यानंच पास केलेला.

की खरंच गॅसजवळ राहिली होती? एक बाटली खराब होऊ शकते. एका बाटलीवरून काय... पण कंपनीची बस कळंबोलीच्या लोखंडाच्या ट्रकांमधून वाट काढत तळोज्यात शिरेपर्यंत तो मोजत राहिला – एका बॅचमध्ये किती बाटल्या, किती डबे, किती मुलांचे डबे. तळोजा आलं तशी कारखान्यांच्या वासानं बसमधल्या सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. दिनानाथनंही लावला, नेहमीसारखा, एका क्षणानं उशिरा.

८६२ चाखलं. मऊ, आंबट. २९५. मऊ, आंबट... थोडं जास्त आंबट? की मघाचा टोस्ट? आणि पलीकडे शांतता. आठ महिने, वेगळ्या कपाशी आलं की रंभाताई घशातून एक बारीक ‘हं’ काढायच्या, तेही एकदाच – तो मोजायचा, पहिला कप, पाणी, दुसरा कप, पाणी, आता – आणि त्याच नंबराशी तो चमचा खाली ठेवायचा. रंभाताई पॅकिंग लाइनवरच्या, कळंबोलीच्या, आवाज मोठा, पण जीभ पक्की असणार, एरवी ‘हं’ इतक्या खात्रीचा आला नसता. आज ‘हं’ नाही. पहिल्या कपाला नाही, दुसऱ्याला नाही. त्यानं परत सुरुवात केली. कागदावरचा ‘का?’ त्याच्याकडे पाहत होता. शेवटी त्यानं चमचा खाली ठेवला – कुठेही, हाताला जी जागा मिळाली तिथे. ८६२ शेजारी. टक् असा आवाज झाला. लगेच पलीकडे पेनची खरखर सुरू झाली.

ठीक. ८६२ भोवती गोल. आवडला कोणता? ४१७. का? त्यानं लिहिलं: ‘तोंडात रेंगाळतो.’ अकरा वर्षांत हे कारण कोणी खोडून काढलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत रंभाताई त्याच्यासमोर येऊन बसल्या. डब्यात ब्रेड, त्यात शेव, कच्चा कांदा आणि वर टोमॅटो सॉसची वेटोळी.

“आज लय वेळ लावलात, दादा. मला वाटलं झोपलात काय तिकडं.”

“आज... जरा जवळजवळचे होते कप.”

“ते तुम्हालाच कळणार. मी आपली चमच्याची वाट बघत बसलेली.”

“कसल्या चमच्याची?”

“आता काय लपवायचं.” त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे फक्त दोन टेबलांना ऐकू जाईल इतका. “तुम्ही चमचा जिथं ठेवता ना, तोच नंबर मी लिहिते. आवाजावरून कळतं, कितवा कप ते. पहिल्यापासून. मला काय कळतंय त्या पांढऱ्यातलं! मी तर घरात पण आणत नाही.”

दिनानाथनं हातातला घास परत डब्यात ठेवला. “आणि ते... तुम्ही मध्येच ‘हं’ करता ते?”

“अगं बाई, तिकडं ऐकू येतं का?” त्या पदर तोंडाला लावून हसल्या. “पित्त आहे हो माझं. उपाशीपोटी ते आंबट गेलं की ढेकर येतो, दाबते मी. आज गोळी घेऊन आले, बघा, एकदा पण नाही आला.”

त्यानं हसायला हवं होतं. तो हसलाही, बहुतेक. आठ महिने... म्हणजे फेब्रुवारीची ती बॅच कोणी चाखली? मी नाही. यांनी नाही. बाईंच्या पित्तानं पास केली, माझ्या चमच्यानं सही केली, आणि दोघांचं जुळलं म्हणून वर रजिस्टरला शेरा – ‘उत्तम एकमत’. बाटली गॅसजवळ नव्हती राहिली. नव्हतीच. नीतालाही ते माहीत होतं.

“काय झालं? रागावलात काय, दादा?”

“नाही हो.”

“मग सांगा की, होता का ८६२च वेगळा?”

तो काही बोलायच्या आत विनिता मॅडम कँटीनच्या दारातून आत आली. तिशीची, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, प्रयोगशाळेची प्रमुख. हातात त्यांचे कागद. उत्तर पॅनेलला कधी सांगायचं नाही, नाहीतर जीभ शिकते, हा तिचा स्वतःचाच नियम.

“काका, सांगायचं नसतं, पण सांगते. ८६२ नव्हता!” ती आनंदात होती. “इतरांचं सोडा, त्यांचं काहीही असतं. पण तुम्ही दोघांनी एकच कप धरलात, आणि तोही चुकीचा! तुम्हाला फरक कळला नाही म्हणजे फरक नाहीच. तुम्हाला नाही तर गिऱ्हाइकाला काय कळणार? मी तेलाला मंजुरी लिहून टाकते आजच.”

रंभाताईंनी अभिमानानं दिनानाथकडे पाहिलं.

एक चूक, आणि सगळं उघडं पडेल – आठ महिने तो या एका वाक्याला धरून जगला होता. रात्री कूस बदलताना, बसमध्ये रुमाल काढताना. आता चूक झाली होती, प्रमुखांच्या हातात होती, लेखी, गोल करून. आणि तिचंही प्रमाणपत्र झालं होतं. उद्या खवट चाखून छान म्हणालो तर छानची व्याख्या बदलतील. परवा काही न चाखता बसलो तर... लहानपणी खाडीत पोहताना खालचा चिखल पायाला लागेल लागेल म्हणून घाबरत तो पाय सोडायचा; आत्ता त्यानं पाय सोडला होता आणि खाली काही लागतच नव्हतं.

विनिता वळली. चार पावलं, पाच. आपण तिला सुखानं जाऊ देतोय हे त्याच्या लक्षात आलं.

“मॅडम.”

ती थांबली. “हं, काका?”

आठ महिने पूर्णविरामासकट तयार असलेलं ते वाक्य त्यानं शोधलं, आणि ते जागेवर नव्हतं. सगळं कँटीन जेवत होतं, खाली माना घालून. ती हसत उभी होती. तो जे काही बोलेल ते खरं मानायला तयार असलेल्या माणसाचं ते हसू होतं, आणि त्याची त्याला जितकी भीती वाटली तितकी आजवर कशाचीच वाटली नव्हती. तो उभा राहिला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मोठा झाला, दोन-तीन जणांनी वर पाहिलं, आणि तोंड उघडताना त्याला एवढंच कळत होतं की या वेळी पलीकडून काही ऐकू येणार नाहीये.